पारदर्शक अंतराळयान बांधता येईल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत विज्ञानकथा लिहिणारी आणि वाचणारी मंडळी एकत्र आली की काचेच्या यानाचा विषय निघतोच. चहूबाजूंनी तारे दिसणारे, भिंतीच नसल्यासारखे वाटणारे यान ही कल्पना इतकी मोहक आहे की ती शास्त्राच्या कसोटीवर किती उतरते, हे जाणून घेण्याची इच्छा प्रत्येक लेखकाला होते. त्या निमित्ताने पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. आकडे जिथे माझ्या हिशेबाने काढलेले आहेत, तिथे तसे सांगितले आहे.

काचेचे यान मुळात शक्य आहे का?

शक्य आहे. भौतिकशास्त्राचा कोणताही नियम त्याच्या आड येत नाही, आणि पुरेशी जाड काच वापरल्यास आतली हवा धरून ठेवणारे पारदर्शक कवच कागदावर तरी सहज उभे राहते. काच किती ताण सोसते, यापेक्षा ती निकामी होते तेव्हा कशी निकामी होते, यावर या यानाचे भवितव्य ठरते. पुढील बहुतेक उत्तरे याच मुद्द्याकडे येतात, आणि कथालेखकाने एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हीच असावी, असे माझे मत आहे.

काही पदार्थ पारदर्शक का असतात आणि धातू का नसतात?

धातूंमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात आणि समोरून आलेला प्रकाश परतवून लावतात. सिलिकाच्या, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाच्या, काचेत इलेक्ट्रॉन घट्ट बांधलेले असतात. त्यांना वरच्या पातळीवर नेण्यासाठी सुमारे ९ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा लागते, आणि दृश्य प्रकाशाच्या कणांजवळ केवळ १.६ ते ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकीच ऊर्जा असते. त्यामुळे प्रकाश काचेत अडकत नाही, आरपार जातो. धातूचा चिवटपणा आणि काचेची पारदर्शकता एकाच पदार्थात मिळणे इतके दुर्मीळ का, याचे मूळही येथेच आहे: ज्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे धातू न तुटता वाकतो, तेच प्रकाशाची वाट अडवतात. सोन्याचा काही दशक नॅनोमीटर इतका अतिपातळ थर मात्र प्रकाश जाऊ देतो, आणि म्हणूनच अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाच्या झडपेवर सोन्याचा लेप देता येतो.

यानाच्या भिंतीवर दाब किती असतो? आपल्या शहरातल्या काचेच्या इमारतींशी त्याची तुलना करता येईल का?

तुलना अवश्य करावी, कारण अनेक वाचकांच्या मनातले काचेचे यान हे वांद्रे-कुर्ला संकुलातील किंवा लोअर परळमधील इमारतींसारखेच असते. भारतीय मानकानुसार मुंबईतील इमारतींसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग ४४ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला जातो. मानकातील सूत्राने या वेगाचा दाब काढल्यास तो दर चौरस मीटरला अंदाजे १२० किलो वजनाइतका भरतो. उंची आणि परिसर यांनुसार त्यात फेरफार होतात. यानाच्या आत समुद्रसपाटीइतका हवेचा दाब असेल, तर बाहेर निर्वात असल्यामुळे भिंतीच्या दर चौरस मीटरवर १० टनांहून अधिक जोर पडतो. म्हणजे वादळासाठी आखलेल्या तावदानावर येणाऱ्या भाराच्या ऐंशीपटीहून जास्त, आणि तोही काही तासांपुरता नव्हे, तर यान आहे तोपर्यंत.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०१० मध्ये बसवलेल्या क्युपोला या निरीक्षण घुमटाला ७ खिडक्या आहेत. मधली गोल खिडकी ८० सेंटिमीटर व्यासाची आहे, आणि एवढ्याशा काचेवरही साधारण ५ टनांचा भार सतत असतो. शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये याच घुमटातून पृथ्वीकडे पाहताना छायाचित्रांत दिसले होते. प्रत्येक खिडकीला चार तावदाने आहेत: आतले ओरखड्यांपासून संरक्षण करणारे, मधली दोन दाब पेलणारी, आणि बाहेरचे सूक्ष्म कणांचा मारा झेलणारे. दाब पेलायला एक पुरते; दुसरे पहिले फुटले तर म्हणून ठेवलेले असते. शिवाय खिडक्या वापरात नसताना बाहेरून झडपा लावतात.

संपूर्ण काचेच्या यानाचे वजन किती होईल?

१० मीटर व्यासाचा पोकळ गोल घेऊ. काचेवर दीर्घकाळ ठेवण्याचा ताण सावधपणे ७ मेगापास्कल (ताण आणि दाब मोजण्याचे एकक) धरला, तर माझ्या हिशेबाने शुद्ध सिलिका काचेची भिंत साधारण साडेतीन सेंटिमीटर जाड लागते आणि कवचाचे वजन २५ टनांच्या घरात जाते. हाच गोल ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला आणि ताण १०० मेगापास्कल धरला, तर अडीच मिलिमीटर जाडी आणि सुमारे २ टन वजन पुरते. प्रत्यक्षात सांधे आणि उड्डाणाचे हादरे यांसाठी धातूची भिंतही जाड ठेवतात, पण प्रमाण बदलत नाही. क्युपोलाप्रमाणे दाबाचे दुसरे तावदान घेतले की काच ५० टनांवर जाते. भारताचे एलव्हीएम-३ हे रॉकेट पृथ्वीनजीकच्या कक्षेत सुमारे ८ टन नेऊ शकते, यावरून अंदाज यावा. कथेतले यान कक्षेतच बांधले जात असेल किंवा त्याचे इंजिन अफाट बलवान असेल, तर ही अडचण गौण ठरते.

काच एवढा भार पेलते, तर मग अभियंते तिच्यावर विसंबत का नाहीत?

काचेतील रासायनिक बंध अतिशय बळकट असतात. त्यांचाच विचार केला तर काच पोलादालाही मागे टाकेल. परंतु प्रत्यक्षातली काच त्याच्या अगदी थोड्या अंशाइतक्या ताणाला फुटते. याचे कारण ॲलन ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ मध्ये मांडले: प्रत्येक काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात, ताण या चिरांच्या टोकाशी एकवटतो, आणि चीर एका ठरावीक लांबीपलीकडे गेली की ती आपोआप धावत सुटते. धातूत चिरेच्या टोकाशी असलेला भाग थोडा वाकतो, बोथट होतो आणि चीर थोपवतो. काचेत वाकण्याची सोयच नसते.

वर घेतलेल्या दोन गोलांना हे लावून पाहिले, तर फरक स्पष्ट होतो. ७ मेगापास्कल ताणाखालील सिलिका काचेत पृष्ठभागावरची चीर सुमारे ३ मिलिमीटर खोल झाली की माझ्या हिशेबाने ती अनावर होते. म्हणजे साडेतीन सेंटिमीटर जाडीचा दहावा हिस्सादेखील ओलांडलेला नसताना, हवेचा एक कणही बाहेर गेलेला नसताना, संपूर्ण भिंत फुटू शकते. ॲल्युमिनियमच्या अडीच मिलिमीटर जाड भिंतीत मात्र चीर आरपार जाऊन काही सेंटिमीटर लांब होईपर्यंत भिंत तग धरते. दरम्यान हवा गळू लागते, दाबमापक खाली येतो, माणसे सावध होतात.

याचे उत्तम उदाहरण ऑगस्ट २०१८ मध्ये घडले. अंतराळ स्थानकाला जोडलेल्या एका रशियन सोयूझ यानाला सुमारे २ मिलिमीटरचे भोक असल्याचे आढळले. दाब हळूहळू उतरत होता. अंतराळवीरांनी भोक शोधले, त्यावर इपॉक्सी हे चिकटद्रव्य लावले आणि काम पुढे चालू राहिले. धातूची भिंत आधी गळते आणि मग, कुणीच लक्ष दिले नाही तर, फाटते. काचेची भिंत गळत नाही. ती शाबूत असते किंवा नसते. पारदर्शक यानाविषयीचा खरा आक्षेप हा आहे, आणि काचेचे सामर्थ्य दुप्पट-तिप्पट केल्याने तो दूर होत नाही.

मोबाइलच्या पडद्यासारखी किंवा गाडीच्या खिडकीसारखी टफन्ड काच वापरली तर?

टफन्ड काचेच्या पृष्ठभागात मुद्दाम दाब साठवलेला असतो, त्यामुळे लहान चिरा मिटलेल्या राहतात आणि ती साध्या काचेपेक्षा कितीतरी जास्त ताण सोसते. पण त्या दाबाचा समतोल राखण्यासाठी काचेच्या पोटात ताण असतो. चीर तिथपर्यंत पोहोचली की साठवलेली सगळी ऊर्जा एकदम मोकळी होऊन संपूर्ण तावदानाचे बारीक तुकडे होतात. गाडीत हे सुरक्षित मानले जाते, कारण तुकड्यांना धार नसते. यानात मात्र अख्खी भिंत नाहीशी होणे हाच मृत्यू आहे. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर देऊन चिकटवलेली लॅमिनेटेड काच अधिक बरी, कारण तिचे तुकडे जागेवर राहतात. पण अशा थरांना उष्णता आणि अतिनील किरण फारसे मानवत नाहीत.

‘पारदर्शक ॲल्युमिनियम’ खरोखर आहे का? नीलम किंवा हिरा चालेल का?

ज्याला हे नाव दिले जाते तो पदार्थ धातू नाही. ते ॲल्युमिनियम, ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांचे सिरॅमिक असून त्याला ॲलॉन म्हणतात. भुकटी दाबून, भट्टीत तापवून आणि शेवटी घासून त्याची तावदाने तयार करतात. बंदुकीची गोळी थोपवणाऱ्या पारदर्शक चिलखतासाठी ते खरोखर वापरता येते. कृत्रिम नीलम कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल असून २००० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. दोन्ही पदार्थांवर धुळीचे ओरखडे सहज पडत नाहीत, आणि ओरखडा हीच चिरेची सुरुवात असल्यामुळे हा गुण मोलाचा आहे.

तरीही चिरेला थोपवण्याच्या बाबतीत हे पदार्थ काचेच्या केवळ अडीच-तीनपट सरस आहेत, आणि विमानांत वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतके. कडक असणे आणि चिवट असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कथांमध्ये त्यांची नेहमी गल्लत होते. नीलम आणि ॲलॉन काचेहून दीडपटीपेक्षा जास्त जड आहेत, हेही ध्यानात घ्यावे.

हिऱ्याची खिडकी मात्र अंतराळात गेलेली आहे. १९७८ मध्ये शुक्राच्या वातावरणात उतरलेल्या पायोनियर व्हीनस मोहिमेतील मोठ्या शोधक यानावर एका अवरक्त उपकरणासमोर ती बसवली होती, कारण शुक्रावरचा दाब आणि उष्णता सोसून हव्या त्या तरंगलांबी आत सोडणारा दुसरा पदार्थ नव्हता. ती खिडकी जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद होती.

पाणबुड्यांना ॲक्रिलिकचे संपूर्ण पारदर्शक गोल असतात. मग अंतराळात प्लॅस्टिक का नको?

समुद्रात दाब बाहेरून आत असतो, त्यामुळे गोलाची भिंत सर्व बाजूंनी दाबली जाते आणि चिरा मिटतात. अंतराळात दाब आतून बाहेर असतो. भिंत ताणली जाते आणि चिरा उघडतात. एकाच आकाराचा गोल एका ठिकाणी पदार्थाच्या बलस्थानावर उभा असतो, तर दुसऱ्या ठिकाणी त्याच्या दुबळेपणावर.

तरीही पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकला मी सहजासहजी बाद करणार नाही. ते काचेपेक्षा हलके आणि कितीतरी चिवट आहे, आणि अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांची बुडबुड्यासारखी शिरस्त्राणे त्याचीच होती. त्याच्यावर सहज ओरखडे पडतात, अतिनील किरणांनी ते पिवळे पडून ठिसूळ होते, आणि दीडशे अंशांच्या आसपास ते मऊ पडते. बाहेर काच आणि आत पॉलिकार्बोनेट अशी जोडी कथेसाठी सर्वांत विश्वासार्ह वाटते: काच उन्हाचा आणि धुळीचा मारा घेते, प्लॅस्टिक फुटण्याचा धोका घेते.

अंतराळातील धूळ आणि कचऱ्याचे काय?

पृथ्वीनजीकच्या कक्षेत टकरींचा वेग साधारण १० किलोमीटर प्रतिसेकंद असतो. १९८३ मध्ये चॅलेंजर यानाच्या खिडकीवर अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान अशी रंगाची खपली आदळली आणि पडलेल्या खळग्यामुळे ते तावदान बदलावे लागले. २०१६ मध्ये क्युपोलाच्या एका काचेवर ७ मिलिमीटर रुंदीचा टवका उडाला. कारण होते मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतका एक कण. दोन्ही वेळा मार बाहेरच्या तावदानाने घेतला, दाब पेलणाऱ्या तावदानाने नव्हे. त्यामुळे पारदर्शक यान लिहिताना बाहेरचा थर बळी देण्यासाठीच आहे, तो बदलता येतो आणि बदलावा लागतो, हे गृहीत धरावे.

ताऱ्यांमधील प्रवासात गोष्ट वेगळ्याच पातळीवर जाते. प्रकाशाच्या दशांश वेगाने जाणाऱ्या यानावर एक मिलिग्रॅम धूळ आदळली, तर सुमारे १०० किलो टीएनटी या स्फोटकाच्या स्फोटाइतकी ऊर्जा बाहेर पडते. अशा यानाचे नाक पारदर्शक असू नये. खिडक्या हव्याच असतील तर त्या बाजूला किंवा मागे ठेवाव्यात.

काचेच्या यानात उन्हाने माणसे भाजून निघतील का?

सर्वसाधारण समजूत तशी आहे, पण ती पूर्ण खरी नाही. पृथ्वीजवळ दर चौरस मीटरवर १३६१ वॅट सूर्यप्रकाश पडतो, म्हणजे आपल्या १० मीटरच्या गोलावर सुमारे १०७ किलोवॅट. तुलनेसाठी, अंतराळ स्थानकाची बाहेरची मुख्य शीतकरण यंत्रणा ७० किलोवॅट उष्णता फेकू शकते. हा आकडा भीतिदायक वाटतो. परंतु गोलाच्या सर्व बाजू उष्णता बाहेरही टाकत असतात, आणि सूर्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावरील पूर्ण काळ्या गोलाचे सरासरी तापमान हिशेबाने सुमारे ५ अंश सेल्सिअस येते.

अडचण सरासरीची नसून विषमतेची आहे. उन्हाकडची बाजू तापते, सावलीतली गारठते, आणि कक्षेत फिरणाऱ्या यानाला दर दीड तासाला ऊन-सावलीचा फेरा सोसावा लागतो. साध्या खिडकीच्या काचेला अशा फरकाने तडे जातील. शुद्ध सिलिका काच तापमानाने साध्या काचेच्या सुमारे एक-सोळांश इतकीच प्रसरण पावते, म्हणून यानांच्या खिडक्यांसाठी तिची निवड होते. मात्र ही काच अतिनील किरणही मुक्तपणे आत सोडते, त्यामुळे ते अडवणारा लेप अत्यावश्यक आहे. शिवाय आजच्या यानांना बाहेरून गुंडाळलेली चकचकीत, अनेक पदरी उष्णतारोधक वेष्टने पारदर्शक यानाला वापरताच येत नाहीत.

किरणोत्सर्ग काचेतून आत येईल का?

या एका बाबतीत काचेचे वजन कामी येते. साडेतीन सेंटिमीटर काचेच्या भिंतीत दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ८ ग्रॅम पदार्थ असतो, अडीच मिलिमीटर ॲल्युमिनियममध्ये एक ग्रॅमही नसतो. म्हणजे सौर वादळातील प्रोटॉन अडवण्यात काचेचे यान पातळ धातूच्या यानापेक्षा सरस ठरेल. दूर आकाशगंगेतून येणारे अतिऊर्जावान विश्वकिरण मात्र दोघांनाही दाद देत नाहीत.

काच स्वतः किरणांनी तपकिरी पडते, हा दोष खरा आहे. त्यावरचा उपाय मुंबईकरांच्या उशालाच आहे: ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात अतिकिरणोत्सारी पदार्थ यांत्रिक हातांनी हाताळताना शास्त्रज्ञ शिसेयुक्त काचेच्या जाडजूड खिडक्यांतून पाहतात, आणि अशा काचेत सेरियम हे मूलद्रव्य मिसळले की तिचे काळवंडणे बरेच टळते. दोन काचांमध्ये पाण्याचा थर ठेवण्याची कल्पनाही कथेसाठी फार सुंदर आहे. पाणी पारदर्शक असते, हायड्रोजनमुळे प्रोटॉन चांगले रोखते, आणि यानाला ते नाहीतरी न्यावेच लागते. ते गोठू न देणे आणि त्यात शेवाळ वाढू न देणे, ही कामे कथेतील एखाद्या पात्राला जन्मभर पुरतील.

आतून तारे दिसतील का?

दिवे चालू असताना फारसे नाहीत. रात्रीच्या लोकलमध्ये खिडकीबाहेर पाहू गेल्यास जसा आपलाच चेहरा दिसतो, तसे उजळलेल्या यानात भिंतभर प्रतिबिंबे दिसतील. परावर्तन कमी करणारे लेप आणि मंद दिवे यांनी हे सुधारते. तारे पाहायचे तर दिवे मालवून डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी लागेल.

काच आणि धातू यांचा सांधा कसा असतो?

पारदर्शक यानाची कथा याच ठिकाणी सर्वांत खरी वाटू शकते, आणि लेखक नेमके इथेच दुर्लक्ष करतात. जेमिनी आणि अपोलो यानांच्या खिडक्या धूसर झाल्या, त्याचे कारण काच नव्हती. सांध्यातील सिलिकोनमधून निर्वातात वाफा सुटून त्या काचेवर साचल्या होत्या. जानेवारी २००४ मध्ये अंतराळ स्थानकातील हवा कमी होऊ लागली, तेव्हा शोधाअंती स्थानकाच्याच डेस्टिनी प्रयोगशाळेच्या खिडकीला जोडलेली एक लवचीक नळी गळत असल्याचे आढळले. काच दोन्ही वेळा निर्दोष होती.

एवढे सगळे करण्यापेक्षा कॅमेरे आणि पडदे बरे नव्हेत का?

अभियंत्याच्या दृष्टीने बहुतेक वेळा होय. तरी वीज गेल्यावरही खिडकी चालते. एका पडद्यासमोर वर्षानुवर्षे जगलेले पात्र बाहेरच्या दृश्यावर विश्वास ठेवील का, हा प्रश्न कथेचा आहे आणि तो विचारण्याजोगा आहे.

पारदर्शक भिंत कोणत्या यानाला खरोखर शोभेल?

अतिशय मोठ्या यानाला. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांनी १९७० च्या दशकात फिरत्या दंडगोलाकार अंतराळ वसाहती सुचवल्या, ज्यांत जमिनीचे आणि खिडक्यांचे पट्टे आलटून पालटून असतात आणि बाहेरचे आरसे ऊन आत पाठवतात. अशा खिडक्या धातूच्या जाळीत बसवलेल्या असंख्य लहान तावदानांच्या असल्या, तर एक फुटल्याने शेजारचे फुटत नाही. चीर चौकटीपाशी थांबते. काचेला नसलेला चिवटपणा जाळी पुरवते.

आकाराचा फायदा हिशेबात दिसतो. एक चौरस मीटरचे भोक पडल्यास दर सेकंदाला साधारण २४० किलो हवा निसटते. १० मीटरच्या गोलात एकूण हवाच ६०० किलोंच्या आसपास असते, म्हणजे काही सेकंदांत खेळ आटोपतो. एक घन किलोमीटर आकाराच्या वसाहतीत बारा लाख टन हवा असते. तिथे तेच भोक दहा टक्के हवा घालवायला पाच-सहा दिवस घेईल. दुरुस्तीची तुकडी चहा पिऊन निघाली तरी चालेल.

अशी काच चंद्रावर बनवता येईल का?

चंद्राच्या मातीत वजनाने चाळीस टक्क्यांहून अधिक सिलिका असते, त्यामुळे कच्चा माल भरपूर आहे. पारदर्शक काचेसाठी त्यातील लोह मात्र काढावे लागेल. आणखी एक लाभ संभवतो. ताणाखालील काचेत पाण्याचे रेणू चिरेच्या टोकाशी पोहोचून तेथील बंध तोडतात, त्यामुळे दमट हवेत चीर संथपणे वाढत राहते. निर्वातात तयार झालेली आणि निर्वातातच राहिलेली काच यापासून वाचते, आणि म्हणून ती पृथ्वीवरच्या काचेपेक्षा बळकट ठरेल, असा विचार शास्त्रज्ञांनी मांडलेला आहे.

कथेत हा मुद्दा वापरताना एक काळजी घ्यावी. यानाचा बाहेरचा पृष्ठभाग निर्वातात असला, तरी आतल्या पृष्ठभागाला माणसांच्या श्वासाचा ओलावा लागतोच. त्यामुळे दाब पेलणाऱ्या काचेच्या आतल्या बाजूला ओलावा पोहोचू न देणारा लेप द्यावा लागेल, आणि त्या लेपावर कुणाच्या अंगठीचा किंवा हत्याराचा ओरखडा पडू नये म्हणून त्याच्याही आत एक साधे, बदलता येणारे तावदान ठेवावे लागेल.